तुम्ही विचारलंत म्हणून : झाडांचे पैसे मिळत असताना मी आडवी का येते

लग्नाच्या मांडवात, एस.टी.त, सोसायटीच्या सभेत आणि अलीकडे सख्ख्या भाच्याकडूनही मला एकच प्रश्न विचारला जातो. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी-खानापूरच्या शेतकऱ्याला बांधावर झाडे लावून कार्बन क्रेडिटचे चार पैसे मिळत असतील, तर हवामान बदलावर भाषणे देत फिरणाऱ्या बाईच्या पोटात का दुखावे? (एक टन कार्बन डायऑक्साइड झाडांनी शोषला किंवा धूर टाळून वाचवला, की त्याचा दाखला म्हणजे एक क्रेडिट; धूर सोडणारी कंपनी तो विकत घेते.) मोर्चेवाल्यांना बाजार कळत नाही, हे त्यात गृहीतच धरलेले असते आणि मला प्रश्नापेक्षा ते गृहीतक जास्त झोंबते. माझे वडील आयुष्यभर परमुलखात गलाईच्या, म्हणजे सोने वितळवून शुद्ध करण्याच्या, दुकानात उभे राहिले. विट्याचे आमचे घर सोन्याच्या भावातल्या चढउतारावरच बांधले गेले आहे.

शेतकऱ्याने झाडे लावू नयेत किंवा त्यांचे पैसे घेऊ नयेत, असे मी कोठेही म्हटलेले नाही. या व्यवहाराला कोणी हवामान न्याय, म्हणजे ज्यांनी हवा कमी बिघडवली त्यांना मिळालेला न्याय, म्हणू लागले, की मात्र मी उठून उभी राहते.

गलाईत गिऱ्हाइकाचे सोने त्याच्या डोळ्यांदेखत मुशीत वितळते आणि जो कस निघतो तो घेणारा व देणारा दोघेही पाहतात. कार्बनच्या टनाचा कस असा काढता येत नाही, कारण झाडांनी शोषलेल्या कार्बनमधून, ही योजना नसती तर काय झाले असते, ते वजा करावे लागते. आणि जे घडलेच नाही ते कोणत्या मुशीत घालणार? या वजाबाकीपायी, ज्याने वडिलांच्या काळापासून बांधावरची बाभूळ आणि लिंब राखले, दुष्काळातही त्यांना कुऱ्हाड लावली नाही, त्याला त्या झाडांचा एक पैसा मिळत नाही, कारण ती आधीपासूनच उभी आहेत. ज्याने पूर्वीच बांध मोकळा करून झाडे विकली, तो नवी रोपे लावून पात्र ठरतो. हे सांगितले की लोक हसतात आणि पुन्हा मूळ प्रश्नावर येतात.

टनाला मिळणाऱ्या दराबद्दलही थोडे सांगते. हवामान बदलावरच्या १९९७ च्या क्योटो या आंतरराष्ट्रीय करारातून टन विकण्याची पहिली मोठी व्यवस्था उभी राहिली आणि महाराष्ट्रातल्या अनेक पवनचक्की प्रकल्पांनी तिच्यात नोंदणी केली. साताऱ्याचे वनकुसवडे-चाळकेवाडीचे पठार आणि आमच्याकडचे ढालगाव पवनचक्क्यांनी भरले ते त्याच सुमाराच्या वर्षांत. २००८ साली ज्या क्रेडिटला युरोपात वीस युरोंच्या आसपास भाव होता, त्याला २०१२ च्या अखेरीस एक युरोही मिळेना. आता २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली आहे, तेव्हा ‘ताई, या वेळी वेगळे आहे’ हेही ऐकून झाले. असेल. पण भाव पडला तरी करारातली वर्षे कमी होत नाहीत, आणि ती वर्षे बांधाच्या मालकाला मोजायची असतात.

माझ्या आडवे येण्याची जी गोष्ट फिरवून सांगितली जाते, ती आटपाडी तालुक्यातल्या एका गावातली आहे. मारुतीच्या सभामंडपात बैठक होती. कंपनीकडून आलेली दोन्ही मुले कृषी पदवीधर होती, बोलायला नम्र होती, आणि त्यांची चूक काढावी असे त्यांच्या वागण्यात काहीही नव्हते. रोपे फुकट मिळणार होती. खोडाचा घेर दरवर्षी छातीच्या उंचीवर टेपने मोजायचा, मोबाईलवर प्रत्येक झाडाचा फोटो जागेसकट चढवायचा, बाकी सगळे कंपनी पाहणार होती. संमतीपत्राला सात-बारा आणि आठ-अ जोडायचे होते. मी ते पत्र मागून घेतले आणि उभी राहून मोठ्याने वाचले. मुदत तीस वर्षांची होती. क्रेडिटची मालकी पूर्णपणे कंपनीकडे जाणार होती आणि शेतकऱ्याचा वाटा ‘खर्च वजा जाता उरलेल्या रकमेतून’ निघणार होता. खर्च कोणता आणि किती, हे सांगणारे कलम त्यात नव्हते.

मागच्या खांबापाशी बसलेल्या एका बाईने विचारले, “माझ्या नावावर सात-बारा न्हाई. सुगी झाली की ह्याच बांधांनी माझी शेरडं चरत्यात. माझं काय?” मुलाने कागद उलटून पाहिला. तिच्यासाठी त्यात रकाना नव्हता आणि त्याने तसे प्रामाणिकपणे सांगितलेही.

मी बोलायला लागले. येरळेवरच्या बळीराजा धरणाचे सांगितले : ऐंशीच्या दशकात बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी नदीची वाळू विकून पैसा उभा केला, पाणी जमिनीच्या मापाने न वाटता माणसागणिक वाटायचे ठरवले, भूमिहीनालाही हिस्सा धरला आणि उसाला पाणी द्यायचे नाही असा नियम केला. लोकांनी शांतपणे ऐकले. मग तेल्या रोगाने ज्याची डाळिंबाची बाग काढावी लागली होती, असा एक शेतकरी उठला. “ताई, तुमचं समदं बरुबर हाय. पर ह्यांनी कागद तरी आणलाय. तुमी काय आणलंय?”

माझ्याकडे काहीच नव्हते. त्याने सही केली, त्याच्यामागून पुष्कळांनी केली.

त्याचा पहिला हप्ता आला तो एका फवारणीच्या खर्चाएवढा होता. तो म्हणतो, तेवढे तरी आले. आणि मी त्याला वेडा ठरवणार नाही. रोपे जगावीत म्हणून बांधांवर काट्याचे कुंपण पडले. त्या बाईने शेरडे विकली आणि ती ऊसतोडीच्या टोळीबरोबर कृष्णाकाठी गेली. पुढे विट्याच्या स्टँडवर ती मला भेटली. कंपनीवर तिचा राग नव्हता. “तुमी त्या दिशी वाचून दावलं, त्यानं काय झालं?” एवढेच तिने विचारले. टोळीबरोबर ती एखाद्या वेळी अशीही गेलीच असती, हे मला माहीत आहे, पण ते उत्तर मी तिला देऊ शकले नाही.

दहा वर्षांपूर्वीची मी असते तर इथे थांबून म्हटले असते, की बघा, बाजार गरिबाला वगळतो, तेव्हा सरकारनेच करावे. त्या पूर्वीच्या मीशी माझे आता पटत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत चढले होते आणि त्याच महिन्यात त्याच जिल्ह्यातल्या दुष्काळी जतकडे पाण्याचे टँकर चालू होते. पूर ओसरल्यावर शेतीचे पंचनामे झाले, तेव्हा सरकारी माणसानेही पहिला शब्द सात-बाराच उच्चारला. वाट्याने शेती करणारा आणि मजुरी करणारी बाई तिथेही रकान्याबाहेरच राहिले. बळीराजा धरणाचा कित्ता पुढे किती गावांनी गिरवला, असे भाचा विचारतो तेव्हा पूर्वीची मी ‘राजकीय इच्छाशक्ती’ म्हणून मोकळी झाली असती. आज मला ते उत्तर पुरत नाही आणि दुसरे सापडलेले नाही.

तरीही एक फरक मला दिसतो आणि त्यावर मी हटून बसले आहे. सरकारच्या दारात ती बाई माणसागणिक पाणी मागू शकते, नाकारले तर तहसीलसमोर बसू शकते, आटपाडीच्या पाणी परिषदेत बोलू शकते. परदेशातला जो कारखाना तिच्या गावचा टन विकत घेऊन आपला धूर तसाच चालू ठेवतो, त्याच्यापुढे तिला उभेच राहता येत नाही, कारण तिच्याकडे विकण्यासारखे काही नाही. तिने हवेत घातलेला कार्बन त्या सभामंडपातल्या कोणाहीपेक्षा कमी असेल, पण कमी जाळण्याला भाव नाही.

भाच्याने मध्यंतरी सुचवले, की करारातच भूमिहीनांचा वाटा आणि चराईचा हक्क लिहून घ्यावा. सूचना चांगली होती, म्हणून मी ती त्या दोन मुलांपर्यंत पोचवली. वरिष्ठांशी बोलून त्यांनी कळवले, की वाटा दिला तर टनाचा खर्च हिशेबात बसत नाही आणि चराई मान्य केली तर रोपांची खात्री देता येत नाही. दोन्ही कारणे त्यांच्या बाजूने खरी आहेत. भाचा म्हणतो, अजून बोलणी करू या. करू या. तोवर तुमच्या गावात असा कागद आला तर सहीच्या आधी माझ्याकडे आणा, मी वाचून देईन; रोपे वाटण्याच्या कार्यक्रमाला मात्र मला बोलावू नका.