स्लॅबच्या आधीची पाईपलाईन: लातूरच्या घराचा माझा अनुभव

लातूरला आमच्या आरसीसी घराचं काम चालू आहे, खालचा मजला आमचा आणि वरचा पुढे धाकटा भाऊ बांधणार. घर काढलं की जो तो सिमेंट कोणतं, सळई कोणत्या कंपनीची, वीट कुठून आणली यावर तासन्‌तास बोलतो, पण स्लॅबमध्ये आणि भिंतीत जे गाडलं जातं त्याबद्दल कुणी धड सांगत नाही, म्हणून हे लिहायलोय.

खरी घाई असते ती लाईटवाल्याची. सेंट्रिंग म्हणजे स्लॅबखालचा साचा झाला, बार बेंडरनं, म्हणजे सळई बांधणाऱ्यानं, सळईची खालची जाळी बांधली की तो वर चढतो, वायरचे पाईप अंथरतो, फॅन बॉक्स आणि जंक्शन बॉक्स बसवतो, मग वरची सळई बांधली जाते, आणि काँक्रीट पडलं की विषय संपला. त्यामुळं बेड कुठं, कपाट कुठं, टीव्ही कुठल्या भिंतीला हे त्याच्या आधीच ठरलेलं पाहिजे, नंतर बघू म्हणलं की संपलं. आम्ही सळई अंथरायच्या आधीच सेंट्रिंगच्या प्लेटांवर कपाटाची दोन फूट जागा खडूनं सोडून घेतली आणि उरलेल्या खोलीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोऱ्या धरून फॅनचं सेंटर काढलं, नाहीतर फॅनचं पातं कपाटाच्या दारावर येतं, असं लई घरांत बघितलंय.

पाईप २५ एमएमचा, आयएसआय मार्कचा आणि किमान मिडीयम गेजचा (जाडीचा) घ्या. स्लॅब भरताना त्याच्यावरून माणसं पळतात, घमेली आपटतात, व्हायब्रेटर फिरतो, पातळ पाईप तिथंच चेपतो आणि ते कळतं थेट वायर ओढताना. वळणाला लांब बेंड लावा, काटकोनी एल्बोतून वायर सरकत नाही. प्रत्येक जॉइंटला सोल्युशन (पाईप चिकटवायचा डिंक), बॉक्समध्ये कागद कोंबून वरून टेप, नाहीतर सिमेंटचं पाणी आत जाऊन बसतं. आणि पाच-सहा पाईप एकाला एक चिकटून नेऊ देऊ नका, मधे काँक्रीट जायला जागा पाहिजे, नाहीतर स्लॅब तिथं कच्चा राहतो. स्लॅबच्या दिवशी लाईटवाला शेवटचं घमेलं पडेपर्यंत थांबलाच पाहिजे हे आधीच बोलून घ्या, आमचा थांबला आणि निसटलेला एक बेंड त्यानं तिथल्या तिथं बसवला.

आता बीमचं. प्लंबर म्हणला, "भैया, बीमला चार इंचाचं होल मारू, काय होत नाही." मी सरळ नाही म्हणलं. आम्ही औसा तालुक्यातले, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात काय झालं ते आमच्या घरात आजही बोललं जातं, त्यामुळं कॉलम-बीमला छिन्नी लावू देणं आमच्याच्यानं होणार नाही. इंजिनिअर साहेबांना बोलावलं, त्यांनी बाथरूमचा स्लॅब फूटभर खाली घ्यायला लावला आणि उभ्या लाईनी जिथून वर जाणार तिथं स्लॅबमध्ये मोठ्या पायपाचे तुकडे आधीच बांधून ठेवले, म्हणजे भाऊ वर बांधेल तेव्हा काही फोडायची गरज नाही. संडासची ११० एमएमची लाईन त्याच खोलगट जागेतून दहा फुटाला साधारण तीन इंच उतार ठेवून थेट बाहेर काढली, बीमला हात न लावता.

लातूरकरांना पाण्याचं वेगळं सांगायला नको. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव हे. नळाचं पाणी रोज येत नाही आणि बोअरचं पाणी क्षाराचं, म्हणून वर दोन टाक्या आणि खाली दोन वेगळ्या लाईनी करून घेतल्या, संडास, धुणं आणि बाग बोअरवर, स्वयंपाकघर, आंघोळ आणि गीझर नळाच्या पाण्यावर. गीझरला बोअरचं पाणी दिलं की कॉइलवर पांढरा थर धरतो. हे सगळं भिंतीत झिरी, म्हणजे पाईपसाठी खाचा, मारायच्या आधी ठरवलं तर थोडा जास्तीचा पाईप लागतो एवढंच, टाईल लागल्यावर ठरवलं तर सगळं बाथरूम फोडावं लागतं. गरम पाण्याला सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाईप), गरम-थंड मिक्सर नळाला गरम डावीकडं आणि थंड उजवीकडं, मधे बरोबर सहा इंच, आणि एल्बोचं तोंड प्लास्टर आणि टाईलची जाडी धरून बाहेर.

मग टेस्टिंग, आणि याच्यावर मी अडून बसलो. पाण्याच्या लाईनीच्या सगळ्या तोंडांना बूच लावून हातपंपानं सात किलोपर्यंत (चौरस सेंटीमीटरला) प्रेशर चढवलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी काटा पाचच्या खाली. प्लंबर म्हणायला लागला गेजच खराब असंल, पण मी बॅटरी घेऊन एकेक जॉइंट बघत गेलो, तर गीझरच्या पितळी एल्बोखाली विटेवर रुपयाएवढा ओला डाग. तो तुकडा कापून नवीन बसवला, परत प्रेशर दिलं, दुसऱ्या दिवशी काटा जागचा हलला नव्हता. तोपर्यंत गवंड्याला प्लास्टर करू दिलं नाही, तो बिचारा वैतागला पण थांबला.

लाईटच्या झिरी कटर मशीननंच मारायला लावा, हातोड्यानं विटा हलतात. एसी आणि गीझरला ४ चौरस एमएमची स्वतंत्र वायर, प्लगला २.५, लाईट-फॅनला १.५, इन्व्हर्टरची लाईन वेगळी, आणि डीबीत (मेन स्विचच्या पेटीत) ३० एमएचा (मिलीअँपिअरचा) आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच. सोलरसाठी गच्चीपासून मीटरपर्यंत एक रिकामा पाईप टाकून ठेवलाय, ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत सबसिडी आहे, पैसे जमले की बसवू.

सध्या झिरीवर जाळी ठोकून प्लास्टर चालू आहे. त्याआधी प्रत्येक भिंतीला टेप धरून फोटो काढले, जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती ते दिसेल असे, आणि भावाच्या फोनमध्ये पण टाकले, त्याला वरची लाईन जोडताना तेच लागणार आहेत.