सातच गुणांनी हरलेला संघ लाल का दिसत होता?

प्रभादेवीतल्या एका कबड्डी लीगमधला साखळीचा शेवटचा दिवस. दहा संघ, प्रत्येकाची प्रत्येकाशी एक लढत, म्हणजे एकूण ४५ सामने. त्यातले चार उरले होते. मॅट अंथरली जात असतानाच एका मंडळाचे कार्यकर्ते तक्त्याची छापील प्रत घेऊन आमच्या टेबलाशी आले. त्यांचा संघ आधी २७-३४ हरला होता. प्रो कबड्डीत बरेच हंगाम चाललेलीच पद्धत इथे होती: विजयाला ५, बरोबरीला ३, सात किंवा त्याहून कमी फरकाने हरल्यास १, नाहीतर शून्य. तक्त्यात मात्र त्यांचं नाव लाल आणि गुण शून्य. "साहेब, चौथ्या जागेचा प्रश्न आहे, एका गुणावर अडलंय." त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं.

तक्ता गूगल शीट्समध्ये केलेला होता. तिथे कंडिशनल फॉरमॅटिंगचे, म्हणजे अटीनुसार सेलला आपोआप रंग देणारे, नियम वरून खाली तपासले जातात. दोन नियम एकाच सेलला लागू होत असतील तर रंग वरच्याचा लागतो. इथे 'स्कोअर कमी तर लाल' हा नियम वर होता आणि 'फरक सातपर्यंत तर नारिंगी' त्याच्या खाली. साहजिकच नारिंगी कधी दिसलाच नव्हता. नियम ओढून वर नेला की हे सुटतं. पण त्या नियमात 'सातपेक्षा कमी' लिहिलं होतं, 'सात किंवा कमी' नव्हे. बरोबर सातच्या फरकाचे सामने तरीही लालच राहिले असते.

तेवढ्यावर थांबणं मला धोक्याचं वाटलं, कारण लीगचे गुण कोणीतरी रंग बघून हाताने भरले होते. शीटमधल्या नेहमीच्या फंक्शनना रंग दिसत नाही, रंगावरून बेरीज होत नाही. आधी आकडा आणि मग आकड्यावरून रंग, हाच क्रम हवा.

मग मांडणीच बदलली. सी आणि डी कॉलममध्ये संघ, ई आणि एफमध्ये स्कोअर, जी आणि एचमध्ये दोघांचे लीगगुण. स्कोअरला दोन वेगळे कॉलम हवेतच. एकाच सेलमध्ये २८-११ टाइप केलं की शीट त्याची २८ नोव्हेंबर करून टाकते.

गुणांच्या फॉर्म्युल्यात पहिली अट काउंट फंक्शनची: ई आणि एफ दोन्हींत मिळून दोन आकडे आहेत का? नसतील तर गुण रिकामे. ही अट नसल्यामुळेच जुन्या तक्त्यात न खेळलेले सामने पिवळे, म्हणजे बरोबरीचे दिसत होते. दोन रिकामे सेल एकमेकांशी समानच ठरतात. त्याहून वाईट म्हणजे, शीटच्या तुलनेत मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा असतो. स्कोअरच्या जागी 'वॉकओव्हर' लिहिलं, किंवा ३० मधल्या शून्याऐवजी इंग्रजी ओ पडला, की तो संघ हिरवा! वॉकओव्हरसाठी म्हणून वेगळा कॉलम केला, त्यात फक्त जिंकलेल्या संघाचं नाव, आणि फॉर्म्युला सगळ्यात आधी तो कॉलम बघतो.

त्यानंतर रंग अगदी सोपे. सी कॉलमच्या २ ते ४६ या ओळी निवडायच्या, कस्टम फॉर्म्युला घ्यायचा आणि लिहायचं: जी२ बरोबर ५, तर हिरवा. जी या अक्षराआधी $ चिन्ह, आकड्याआधी नाही, म्हणजे कॉलम पक्का राहतो आणि ओळ पुढे सरकते. असेच ३, १ आणि शून्याचे नियम. डीसाठी एचवरून तेच चार, एकूण आठ.

संघांची नावं ड्रॉपडाउनमधूनच घ्यायची. मंडळांची नावं लांबलचक, एखादं अक्षर किंवा शेवटची स्पेस इकडेतिकडे झाली की समइफ, म्हणजे नाव जुळवून गुणांची बेरीज करणारं फंक्शन, त्या सामन्याचे गुण धरत नाही, आणि एरर न आल्याने कोणाच्या लक्षातही येत नाही. क्रमवारीसाठी लीगगुण गुणिले १००० अधिक स्कोअरमधला एकूण फरक असा कॉलम, त्यावर रँक, आणि रँक चारपर्यंत असेल तर पूर्ण ओळ निळी.

मग कागदी स्कोअरशीटवरून खेळलेल्या ४१ सामन्यांचे आकडे दोघांनी मिळून ताडून पाहिले, एकाने वाचायचं, दुसऱ्याने भरायचं. यात घाई करायची नाही, वर कोणी कितीही उभं असो. त्या मंडळाचा गुण जमा झाला आणि ते पाचव्यावरून चौथ्या जागी आले. मागे सरकलेल्या संघाच्या व्यवस्थापकांना बोलावून स्कोअरशीट आणि फॉर्म्युला दोन्ही दाखवले, त्यांची सही घेतली, आणि मगच पहिल्या सामन्याची शिट्टी वाजली.

पुढचे चार निकाल भरताना एकच सूचना दिली होती: दुसरीकडून आकडा आणलात तर कंट्रोल-शिफ्ट-व्ही, म्हणजे फक्त किंमत पेस्ट होते. साध्या पेस्टने मूळ सेलचं फॉरमॅटिंगही येतं आणि नियमांच्या रेंजचे तुकडे पडतात. फलकावरची प्रत काळी-पांढरी निघते, शिवाय लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसंही ती वाचतात, म्हणून प्रत्येक नावापुढे वि, ब, प अशी अक्षरं येतील असा आणखी एक फॉर्म्युला शेवटच्या सामन्याआधी जोडला.