मागच्या पाट्यांचं काम: एक पाटा वाढवला, त्याची मापं

गाडी: मागे कमानपाटे (लीफ स्प्रिंग) असलेली माल-व्हॅन. वापर: बीड-जालना पट्ट्यात सोयाबीन, उन्हाळ्यात पाण्याची टाकी.

आधीची मापं: चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत रिकाम्या गाडीत ४३० मिमी. वजनकाट्यावर फक्त मागची चाकं चढवून, त्यांच्यावर ६०० किलो वाढेपर्यंत पोती भरली. उंची ३३०. गाडी १०० मिमी बसली आणि बंपस्टॉपच्या (एक्सल वर आदळू नये म्हणून लावलेल्या) रबराखाली जेमतेम बोटभर जागा उरली. पावसाळ्यातल्या काळ्या मातीच्या चाकोरीत ती जागा पहिल्याच खड्ड्यात संपते.

हिशोब: ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ७ मिमीचे ४ पाटे, म्हणजे ३४३ गुणिले ४, १३७२. ८ मिमीच्या एका पाट्याने ५१२ ची भर, म्हणजे सुमारे ३७ टक्के. १० मिमीचा घातला तर ७३ टक्के. मग रिकामी गाडी उडते आणि मागचं चाक रस्ता सोडतं. म्हणून ८ चाच घेतला. पाटा स्प्रिंग स्टीलचाच हवा. जालन्यात सळई-पट्टी हवी तितकी मिळते, पण साध्या लोखंडाची कमान एकदा बसली की उठत नाही. पाट्याला गॅस किंवा वेल्डिंग लावू नका. पोलादाचं पाणी (दिलेला कठीणपणा) उतरतं आणि तिथेच तडा जातो.

खोलल्यावर पाट्यांमध्ये तांबूस गंजाची भुकटी निघाली. ब्रशने घासून ग्रॅफाइट ग्रीस लावलं. सेंटर बोल्ट (सगळ्या पाट्यांच्या मधल्या भोकातून जाणारा) आधीपेक्षा ८ मिमी जास्त लांब घेतला, यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळून धरणारे) नवेच, तेही तेवढेच जास्त लांब. जुन्या यू-बोल्टचे आटे ताणलेले असतात. सैल यू-बोल्टमुळे वाकण्याचा जोर सेंटर बोल्टच्या भोकावर येतो आणि पाटा बरोबर तिथे तुटतो. नट तिरप्या जोड्यांनी, थोडे थोडे आवळले. शॅकलच्या (पाट्याचं टोक चेसीला जोडणाऱ्या हलत्या कडीच्या) रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावरच घट्ट केले. जॅकवर लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

नंतरची मापं: रिकामी ४५५, तितक्याच मालात ३८१. बसणं ७४ मिमी. हिशोबाने ७३ यायला हवं होतं.

आता सर्वांत महत्त्वाचं, जे बहुतेक जण विसरतात: एलएसपीव्ही (लोड सेन्सिंग प्रोपोर्शनिंग व्हॉल्व्ह). हा व्हॉल्व्ह एक्सलला जोडलेल्या दांडीवरून गाडी किती बसली ते बघतो आणि मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. पाटे ताठ झाले की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. मांजरसुंब्याच्या घाटात हे जिवावर बेतेल. दांडीची सेटिंग मॅन्युअलप्रमाणे, नव्या उंचीवर पुन्हा केली. मागची बाजू उचलल्याने हेडलाइटचा झोत खाली जातो, तोही वर घेतला.

शॉकअप तेच ठेवले; पूर्ण ताणल्यावर आणि पूर्ण दबल्यावर रॉडला जागा उरते का, हे मोजलं. उरते.

आरसीवरचं वजन पाट्याने वाढत नाही. एक्सल, टायर, ब्रेक तेच आहेत. ओव्हरलोडला कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० दंड आहे. असा फेरबदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

बाकी काम: १०० किमीनंतर, माल भरलेला असताना, यू-बोल्ट पुन्हा आवळणे. टाकी अर्धी भरून हेलकावे तपासणे.