वेलिका प्लानिना : गुरांच्या मधोमध राहणारी माणसं

स्लोव्हेनियाला जाणारे आपले लोक ब्लेडचं तळं पाहतात, पोस्तोयनाची गुहा पाहतात आणि परततात. माझं मत विचाराल तर एक दिवस कामनिकजवळच्या वेलिका प्लानिना या डोंगरावरच्या पठारासाठी ठेवाच. राजधानी ल्युब्लियानापासून कामनिक गाव जवळच आहे. तिथून पुढे दरीत रोपवेचं स्टेशन लागतं. १९६४ पासून चालू असलेला हा रोपवे बघता बघता १,४०० मीटरच्या वर नेऊन सोडतो. त्यानंतर कुरणातली चढण चालायची.

गुरं दिसायच्या आधी त्यांच्या घंटा ऐकू येतात. मग एका उंचवट्यावरून गुराख्यांची सगळी वस्तीच समोर येते. राखाडी लाकडी छपरांची, जमिनीला टेकलेली घरं उतारावर विखुरली आहेत. पावसात शेतकरी इरलं घेऊन वाकलेला असावा, तसं प्रत्येक घर दिसतं. भिंत जवळजवळ दिसतच नाही, छप्परच खालपर्यंत उतरलेलं. त्यावर स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाच्या चिरलेल्या फळ्या एकीवर एक चढवलेल्या. उन्हापावसाने त्यांचा रंग पार उडालेला.

प्रेस्कर नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या झोपडीत आता छोटं संग्रहालय आहे. जुना लंबवर्तुळाकार घाट तिथे नीट पाहायला मिळतो. मी वाकून आत शिरले आणि अंधाराला डोळे सरावेपर्यंत उभी राहिले, कारण खिडकी नाहीच. मधोमध गुराख्याची खोली, तिच्यात उघडी चूल आणि झोपायला फळ्यांचा बाक. या खोलीभोवती गोल फिरणारी जागा गुरांची, त्याच छपराखाली. म्हणजे रात्री गुराखी झोपायचा तो चारी बाजूंनी गाईंच्या उबेत. धुराडं नाही. धूर छपरातूनच वाट काढायचा आणि जाता जाता लाकूड टिकवायचा. या पठारावरच्या थंडीला, वाऱ्याला आणि दिवसभर गुरांमागे फिरणाऱ्या माणसाला यापेक्षा शहाणं घर सुचलं नसतं, असं मला अगदी मनापासून वाटलं.

आज दिसणारी बहुतेक घरं मात्र युद्धानंतरची आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मन सैन्याने ही वस्ती जाळली. १९३८ मध्ये बांधलेलं हिममातेचं, म्हणजे मेरीचं, लाकडी चॅपलही त्यात गेलं. गुराख्यांनी घरं पुन्हा उभारली आणि छपराचा घाट सोडला नाही. चॅपल उभं राहायला १९८८ उजाडलं. व्लास्तो कोपाच या आर्किटेक्टने इथली घरं आणि गुराख्यांच्या वस्तू यांचा बारकाईने अभ्यास केला. असा माणूस प्रत्येक डोंगराला लाभत नाही.

पठार चुनखडीचं. कितीही पाऊस पडला तरी पाणी खाली झिरपून जातं, म्हणून छपरावरचं पाणी साठवायचं. त्यामुळे इथे कुणाकडे पाणी मागताना जरा भान ठेवावं.

दुपारी एका घरासमोरच्या बाकावर बसले. आजींनी कुट्टूच्या पिठाचे घट्ट शिजवून मोकळे केलेले झ्गान्त्सी आणि वाडगाभर विरजलेलं दूध पुढे ठेवलं. दूध थंडगार, आंबट, वर सायीचा जाड थर. पूर्वी गुराख्यांचं रोजचं जेवण हेच असायचं.

मग त्यांनी आतून त्रनिच आणून दाखवलं. हे चक्क्यापासून केलेलं चीज. चक्क्यात मीठ घालून हाताने नासपतीचा आकार देतात, त्यावर कोरीव लाकडी ठशाने नक्षी उठवतात आणि धुरावर वाळवून कडक करतात. आकार स्त्रीच्या स्तनाचा आहे, हे इथे कुणी लपवत नाही. त्रनिच नेहमी जोडीनेच करायचं, दोन्हीवर एकच नक्षी. शरद ऋतूत खाली उतरल्यावर गुराखी एक आपल्या आवडत्या मुलीला द्यायचा, दुसरं स्वतःजवळ ठेवायचा. तिने ते घेतलं की होकार समजायचा. माझ्या हातातल्या तुकड्यावर ठिपक्यांच्या आणि रेघांच्या ओळी इतक्या रेखीव होत्या, की सुरी लावायला जीव होईना. चव धुरकट, खारट, चांगलीच उग्र.

जायचं तर जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत जा. वसंतात केशराच्या जातीची जांभळी फुलं कुरणभर पसरतात, हिवाळ्यात बर्फ असतो आणि फोटो तेव्हाही सुंदर येतात. पण गुरं खाली गेली की बहुतेक घरांना कुलूप असतं. वाट सोडून कुरणात शिरू नका, कुंपणाचं फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या. गाईबरोबर वासरू असेल तर लांबूनच जा. आणि घरासमोर दूध-चीज विकायला ठेवलेलं दिसलं तर तिथेच घ्या. ते पैसे थेट गुरं राखणाऱ्यांच्या हातात जातात.