मुलीच्या पोटगीसाठी दिलेली वकिलाची फी: कॅनडातल्या टॅक्स रिटर्नचा माझा अनुभव

मुलीच्या पोटगीसाठी वकिलाला दिलेल्या पैशांतला मोठा भाग मला करपात्र उत्पन्नातून वजा करून मिळाला. मी ओंटारिओत राहते. इथल्या ओळखीच्या मराठी बायकांशी बोलताना लक्षात येतं, की वेगळं होण्याच्या धावपळीत ही सवलत कित्येकींच्या कानावरही आलेली नसते. ज्यांना तिची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्याच हातून ती निसटते. म्हणून सविस्तर लिहितेय.

माझं टॅक्सचं काम बऱ्याच वर्षांपासून ओळखीतले एक काका बघतात. त्यांनी आधी सरळ नाही म्हटलं. "अगं, घटस्फोटाचा खर्च वजा होत नसतो. तो खासगी खर्च." घटस्फोटापुरतं ते बरोबरच होतं. पण मी कॅनडा रेव्हेन्यू एजन्सीची, म्हणजे सीआरएची, पोटगीवरची पी-१०२ ही मार्गदर्शिका वाचून गेले होते. पोटगीची रक्कम ठरवून घेण्यासाठी, थकलेली पोटगी वसूल करण्यासाठी किंवा ती वाढवून मागण्यासाठी दिलेली फी पोटगी घेणाऱ्याला वजा करता येते, असं त्यात स्पष्ट आहे. घटस्फोट मिळवणं, मुलाचा ताबा, भेटीच्या वेळा यांवरचा खर्च मात्र धरता येत नाही. आणि पोटगी देणाऱ्याला स्वतःच्या वकिलाची फी अजिबात वजा करता येत नाही.

"काका, एवढं पान वाचाल का?" म्हटलं. त्यांनी ठेवून घेतलं. संध्याकाळी फोन आला, "तुझं बरोबर आहे. पण हे असं एकगठ्ठा बिल चालायचं नाही. वकिलाकडून फोडून आण."

खरं काम हेच, बिल फोडण्याचं. त्यावर येण्याआधी एक प्रश्न मिटवते, कारण तो मला प्रत्येक जण विचारतो: मुलाच्या पोटगीवर आपण कर भरत नाही, मग तिच्यासाठीचा खर्च वजा कसा होतो? १ मे १९९७ पासूनच्या आदेशांत आणि करारांत मुलाची पोटगी घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरत नाहीत आणि देणाऱ्यालाही वजा मिळत नाही. त्याआधी आई त्यावर कर भरायची आणि वडिलांना सूट मिळायची. क्वेबेकच्या सुझान तिबोदो या आईने त्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. १९९५ मध्ये पाच विरुद्ध दोन असा निकाल तिच्या विरोधात गेला, आणि तिच्या बाजूने मत देणाऱ्या दोघीही स्त्री न्यायाधीश होत्या. दोन वर्षांत नियम बदलला. आज मला मिळणाऱ्या पोटगीतला एक सेंटही करात जात नाही, त्यामागे अशा बायका आहेत, हे मला विसरायचं नाही. फीच्या वजावटीमागचा विचार वेगळा आहे. पोटगी हा मुलाचा आधीपासूनचा हक्क आहे. वकील तो नव्याने निर्माण करत नाही, मिळवून देतो. म्हणून तो खर्च उत्पन्न मिळवण्याचा खर्च मानला जातो.

आता बिलं. इथले वकील सहसा सहा-सहा मिनिटांच्या हिशोबाने, म्हणजे ०.१ तासाच्या पटीत बिल लावतात. ओळी अशा: "०.३, समोरच्या वकिलाला ईमेल." ईमेल कशाबद्दल, ते लिहिलेलंच नाही. वकिलाच्या ऑफिसमधल्या क्लार्कबाई अतिशय सज्जन. त्यांनी फाइल उघडून एकेक ओळ माझ्यासोबत लावली. पोटगीच्या ओळींना मी हिरवा मार्कर मारला, मुलीच्या वेळापत्रकाच्या ओळींना पिवळा. "फॉर्म १३ (पोटगीच्या दाव्यासाठीचं आर्थिक विवरणपत्र) तपासला", हिरवा. "उन्हाळी सुट्टीच्या वाटणीबद्दल पत्र", पिवळा. केस कॉन्फरन्समध्ये, म्हणजे न्यायाधीशांसमोरच्या प्राथमिक बैठकीत, दोन्ही विषय निघाले होते. तिथे वकीलबाईंनी स्वतःच्या टिपणांवरून वाटणी केली.

हिरव्या ओळी माझ्या अपेक्षेपेक्षा खूप जास्त निघाल्या. मुलीचे वडील स्वतःचा व्यवसाय करतात. पोटगी किती ते सरकारी तक्त्यावरून ठरतं, आणि तो तक्ता पोटगी देणाऱ्याचं उत्पन्न, मुलांची संख्या आणि प्रांत यांवर चालतो, म्हणजे उत्पन्नाचा आकडा खरा नसेल तर पुढचं सगळंच चुकतं. शेवटच्या तीन वर्षांची रिटर्न्स आणि नोटीस ऑफ असेसमेंट (रिटर्न तपासून सीआरए पाठवते ते पत्र) मागवणं, व्यवसायात दाखवलेले खर्च तपासणं, पुन्हा स्मरणपत्रं पाठवणं, या सगळ्यात वकिलांचे तासन्‌तास गेले होते. हे सगळं पोटगीचंच काम.

एक जागा मात्र निसरडी आहे. मूल वर्षातला किमान ४० टक्के वेळ दुसऱ्या पालकाकडे असेल, तर पोटगीचा हिशोब वेगळा होतो. त्यामुळे वेळापत्रकाच्या भांडणातही पैसा असतोच, आणि तो खर्चही पोटगीत धरावा असं वाटणं स्वाभाविक आहे. वकीलबाईंनी नको म्हटलं आणि मलाही ते पटलं. मुलगी कुणाकडे किती राहणार हा प्रश्न ताब्याचा आहे. त्या ओळी पिवळ्याच राहिल्या.

शेवटी त्यांनी लेटरहेडवर पत्र दिलं: त्या वर्षात भरलेली एकूण फी, त्यातली पोटगीसाठीची रक्कम, तिच्यावरचा १३ टक्के एचएसटी (ओंटारिओतला विक्रीकर). रिटेनर म्हणून सुरुवातीला भरलेले पैसे वकिलाच्या ट्रस्ट खात्यात असेपर्यंत आपलेच असतात. बिल निघून त्यातून वळते झाले की ती फी. त्यामुळे तारखा बँकेच्या नाही, बिलांच्या बघाव्या लागल्या. कोर्टाने समोरच्याकडून मला काही खर्च देववला होता, त्यातला पोटगीचा हिस्सा आधी वजा केला. परत मिळालेल्या पैशावर सवलत नसते.

ही रक्कम जाते टॅक्स रिटर्नच्या लाइन २२१०० वर. तिचं नाव 'कॅरिंग चार्जेस, इंटरेस्ट एक्स्पेन्सेस अँड अदर एक्स्पेन्सेस'. गुंतवणुकीच्या खर्चाची ती ओळ. तिथे पोटगीची फी शोधायला कोण जाणार! सॉफ्टवेअर वापरून स्वतः रिटर्न भरणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवाच.

फायदा किती? समजा पोटगीसाठीची फी ८,००० डॉलर आहे आणि तुमच्या वरच्या उत्पन्नावर एकूण ३० टक्के कर लागतो, तर साधारण २,४०० डॉलर वाचतात. पण एवढ्यावर थांबत नाही. लाइन २२१०० निव्वळ उत्पन्नाच्या, म्हणजे लाइन २३६०० च्या आधी येते, आणि कॅनडा चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठी सरकारकडून दरमहा मिळणारी मदत, निव्वळ उत्पन्नावरच ठरतो. एकट्या कमाईवर घर चालवणाऱ्या आईला हा दुसरा फायदा पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. माझा बेनिफिट जुलैपासून वाढून आला. त्यातून मुलीच्या पोहण्याच्या क्लासचे पैसे निघाले.

रिटर्न भरल्यावर सीआरएचं पत्र आलं, लाइन २२१०० चे पुरावे पाठवा म्हणून. अशी तपासणी नेहमीची असते, घाबरू नका. वकिलाचं पत्र, बिलं, पैसे भरल्याच्या पावत्या आणि कोर्टाचा आदेश स्कॅन करून माय अकाउंटमधून, म्हणजे सीआरएच्या वेबसाइटवरच्या माझ्या खात्यातून, पत्रावरचा संदर्भ क्रमांक टाकून पाठवले. दावा जसाच्या तसा मान्य झाला. हे कागद सहा वर्षं जपून ठेवायचे असतात.

मुलाच्या वडिलांशी लग्न झालेलं नसेल आणि तुम्ही कॉमन-लॉ (लग्नाविना एकत्र राहणारं) जोडपंही नसाल, तरी ही सवलत आहे. मात्र पोटगी कोर्टाच्या आदेशाने ठरलेली हवी. पुढे पोटगी थकली, तर ओंटारिओत फॅमिली रिस्पॉन्सिबिलिटी ऑफिस वसुलीचं काम बघतं. तरीही त्यासाठी वकील करावा लागला, तर तीही फी याच ओळीत.

ज्यांची भांडणं मिटून काही वर्षं झाली आहेत, त्यांनीही हे सोडून देऊ नका. माय अकाउंटमधल्या 'चेंज माय रिटर्न'मधून मागच्या दहा वर्षांपर्यंतची रिटर्न्स दुरुस्त करता येतात. बिलं हाताशी नसतील तर वकिलाच्या ऑफिसकडून तुमच्या खात्याचा उतारा मागवा, आणि पोटगीची रक्कम वेगळी दाखवणारं पत्र त्याच वेळी मागून घ्या.