आमची वाटचाल : जुन्या दगडी भिंतींना एकत्र बांधताना

दगडांमधल्या दरजा, म्हणजे फटी, भरणे आणि फुगलेला गिलावा काढून नव्याने चुन्याचा करणे, एवढ्यावर आमची फर्म उभी राहिली. भूकंपाचा विषय निघायचाच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला हादरा बसला आणि तो निघाला.

तिथल्या भिंती चांगल्या जाडजूड होत्या, तरी कोसळल्या. भिंत एकसंध नव्हतीच. बाहेर एक पदर, आत एक पदर, मध्ये माती आणि कपच्यांची भरणी; दोन्हींना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. हादऱ्यात पदर सुटे होतात, भिंतीला पोट येतं आणि माळवदाची जड माती घेऊन छप्पर खाली येतं. अशा बांधकामासाठी भारतीय मानक आरपार दगड उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत दर १.२ मीटरला घालायला सांगतं. आज जुनी इमारत बघायला गेलो की आम्ही आधी हेच शोधतो: हातोडीने ठोकून पोकळ आवाज ऐकतो, शंका आली तर दरजेतून बारीक कॅमेरा आत सोडतो.

पहिली काही वर्षं कामं मिळवणं जड गेलं. मालकाला वर काँक्रीटचा स्लॅब हवा असतो, कारण तो दिसतो. पण कमकुवत भिंतीवर वजन वाढवलं की हादऱ्यात तिच्यावर येणारा जोरही वाढतो. इटलीत १९९७ च्या उंब्रिया-मार्के भूकंपात हेच दिसलं: लाकडी तक्तपोशी काढून काँक्रीट घातलेली बरीच जुनी दगडी घरं वाईट फुटली. म्हणून स्लॅबचा हट्ट असेल तर आम्ही काम सोडतो. धंद्याच्या हिशेबाने हे परवडत नाही, पण रात्री झोप लागते.

आमचं बरंचसं काम झाकलेलंच राहतं. भिंतीत नळ्या बसवायच्या, आधी पाण्याने धूळ धुऊन घ्यायची, मग आतल्या पोकळ्या भरणारं चुन्याचं पातळ मिश्रण, म्हणजे ग्राउट, कमी दाबाने खालून वर चढवायचं. वरच्या नळीतून ग्राउट गळू लागलं की खालची बंद. घाई केली, दाब वाढवला, की कमकुवत पदर तिथेच फुगतो. सिमेंट आम्ही टाळतो. ते चुन्यापेक्षा कडक, ओल कोंडतं आणि दगडावर क्षार आणतं. मग तुळयांची टोकं भिंतीला अडकवायची, समोरासमोरच्या भिंती स्टेनलेस स्टीलच्या सळयांनी आवळायच्या. सळयांच्या टोकांना नटाने आवळलेल्या बाहेरच्या पट्ट्या दिसतात यावर अजूनही कुरबूर होते. दिसू देत, असं आमचं मत आहे. तपासायला सोपं जातं.

जमवायला सर्वांत अवघड गेलं ते मिस्त्री. सिमेंटवर हात बसलेल्या गवंड्याला चुन्याचा सावकाशपणा सोसत नाही, तेव्हा नव्या पोरांना आम्ही आधी चुना भिजवायलाच बसवतो. काम संपलं की मालकाला प्रत्येक भिंतीचा नकाशा देतो: ग्राउट कुठे गेलं, सळई कुठून कुठे आहे, कोणता नट कधी तपासायचा. पुढची दुरुस्ती दुसऱ्या कुणाकडे गेली तरी तो नकाशा इमारतीसोबतच राहावा, अशी अट करारात घालतो.