चार्टवर 28 लिहिलं होतं

लहान मुलांच्या वॉर्डात नर्सिंगच्या नवीन पोरींना धास्ती असते ती कॅन्युलाची, म्हणजे सलाइनसाठी शिरेत घालायच्या सुईची. पिवळा 24 नंबर, गुबगुबीत हात, शीर काही दिसत नाही आणि वर आजी डोक्याशी उभी, "किती टोचताय लेकराला". मलाही आधी तेच शिकायचं होतं, पण आमच्या इन्चार्ज सिस्टरनी श्वास मोजायला बसवलं. कॉलेजात हे डमीवर झालेलं, आणि डमी श्वासच घेत नाही त्यामुळे काहीही लिहा, मार्क मिळतात.

सिस्टरची पद्धत म्हणजे बाळ आईच्या मांडीवर शांत असताना आधी लांबूनच बघायचं, थर्मामीटर स्टेथो सगळं नंतर, कारण एकदा भोकाड पसरलं की आकड्याला अर्थ नाही. झबलं आईलाच वर करायला सांगायचं. नजर पोटावर ठेवायची, तान्ही बाळं पोटानेच श्वास घेतात. आणि मोजायचं पूर्ण एक मिनिट. 15 सेकंद मोजून चारने गुणलेलं त्यांना बरोब्बर कळायचं, कारण बाळाचा श्वास एकसारखा नसतोच, मधेच भराभर, मधेच थांबल्यासारखा. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50, पाच वर्षांपर्यंत 40, तेवढे किंवा जास्त भरले की डॉक्टरांना हाक मारायची.

तर ऐन पावसाळ्यातली दुपारची ड्युटी. सात महिन्यांचा मुलगा, सर्दी-खोकला, ताप फारसा नाही, सकाळच्या चार्टवर श्वास 28. म्हणून मी आधी बाकीच्या खाटा उरकल्या. त्याची आई म्हणाली, "सिस्टर, दूध ओढत नाही हो." पाजून दाखव म्हटलं तर दोन घोट ओढायचा की सोडून धापा टाकायचा. डोळा लागल्यावर मोजले, 66. पटेना म्हणून परत मोजले, 64. दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. पायाच्या अंगठ्याला ऑक्सिजन मोजायचा प्रोब लावला तर पाय गार, आकडा नुसता नाचतोय, चोळून गरम केल्यावर 88 वर थांबला.

डॉक्टर म्हणाले ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक श्वासनळ्यांना सूज. ऑक्सिजन, नाकात सलाइनचे थेंब, सक्शनने शेंबूड ओढून काढणं, नळीने थोडं थोडं दूध. या आजाराला खास असं औषध नाही, बाळ निभावतं ते जवळजवळ नर्सिंगवरच, पण डिस्चार्ज कार्डावर ते कुठे लिहितात. आठवड्याच्या आत घरी गेला.

डोक्यातून जात नाहीये ते 28. शेजारच्या खाटांचे चार्ट उघडले तर 28, 26, 28. जिने लिहिलं तिला विचारलं तर म्हणे, "40 पोरं आणि आम्ही दोघी, मोजू कधी?" हिशेब बरोबर आहे, नुसते श्वास मोजायलाच 40 मिनिटं. मी म्हटलं, अगं गडचिरोलीत अभय बंगांनी दाईंसाठी मणी आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ असलेलं साधन बनवलं, ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्याही मोजायला शिकल्या. तर ही म्हणते, "दाईकडे एका वेळी एकच बाळ असतं."

तेही खरंच. पण मग रकाना मोकळा सोडायचा ना. मोकळा दिसला असता तर आल्या आल्या त्याच्याकडेच गेले असते.